दुभाष्याचें काम

पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें आणि हॅरिस पूल ओलांडला, कीं दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची ओळच सुरू होते. कासारवाडीहून नाशिकच्या रस्त्याला वळलें, तर भोसरी आणि मोशी मागें टाकून आपण चाकणास पोहोंचतों. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत या माळरानाचें रूप पार पालटून गेलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील एखादा मुलगा, सून अथवा भाचा सकाळची बस धरून या पट्ट्यांत कामाला जात असेल. तेथें काम तरी काय असतें, असें घरच्या वडीलधाऱ्यांनीं विचारलें, तर 'गाड्यांच्या कारखान्यांत आहे' किंवा 'कॉम्प्युटरचें काम आहे' एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. त्या कामापैकीं एका अल्पपरिचित, परंतु फार महत्त्वाच्या प्रकाराची ओळख या महिन्यांत वाचकांस करून द्यावी, असा आमचा हेतु आहे.

त्या प्रकाराला संगणकाच्या परिभाषेंत 'बाइंडिंग' म्हणतात. पुस्तकबांधणीच्या बाइंडिंगशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. संगणकाच्या दोन निरनिराळ्या भाषांचा व्यवहार जुळवून देणारी मधली रचना, असा त्याचा अर्थ. या लेखापुरतें आम्ही त्यास सरळ 'दुभाषी' म्हणणार आहों.

मराठी माणसाला दुभाष्याचें काम नवें नाहीं. इ. स. १६७४ मध्यें शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हां इंग्रजांच्या बाजूनें बोलणारा नारायण शेणवी हा दुभाषीच होता. तह झाला तो महाराजांचा आणि कंपनीचा. लोकांच्या तोंडीं नांवें राहिलीं तीं त्यांचींच. परंतु मधल्या माणसानें एखादा शब्द भलताच फिरविला असता, तर त्या तहाचें काय झालें असतें? आमच्या आजच्या विषयाचें सारहि याच प्रश्नांत आहे.

दोन भाषा कशासाठीं?

संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषा अनेक आहेत; पण कामाच्या सोयीनें पाहिलें, तर त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील प्रमुख भाषा म्हणजे 'सी'. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ती १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. ही भाषा मोठी शिस्तीची. कोणती संख्या किती जागा घेणार, ती पूर्णांक आहे कीं अपूर्णांक, ती स्मृतींत कोठें ठेवावयाची, हें सर्व आधीं नमूद केल्यावांचून ती एक पाऊल पुढें टाकूं देत नाहीं. लिहिलेल्या आज्ञांचें यंत्राच्या भाषेंत आधींच भाषांतर करून घ्यावें लागतें. मग मात्र काम वाऱ्याच्या वेगानें चालतें.

दुसरा वर्ग 'स्क्रिप्टिंग' भाषांचा. बर्कलेच्या विद्यापीठांत जॉन औस्टरहाउट यांनीं १९८८ मध्यें रचलेली टीसीएल, गीदो फान रॉसुम या डच संगणकतज्ज्ञांची १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेली पायथन, ब्राझीलमध्यें १९९३ सालीं जन्मलेली लुआ, ह्या त्यांपैकीं कांहीं. एक ओळ लिहावी, लगेच उत्तर पाहावें, चुकलें तर पुसून पुन्हां लिहावें, असा त्यांचा घरगुती स्वभाव. अवजड आंकडेमोडीच्या वेगांत त्या सीच्या पुष्कळच मागें पडतात. पण माणसाचा वेळ त्या फार वांचवितात.

औस्टरहाउट यांनीं १९९८ सालच्या आपल्या एका प्रसिद्ध लेखांत असें प्रतिपादन केलें, कीं मूळ अवजड भाग पहिल्या वर्गाच्या भाषेंत घडवावे आणि ते एकमेकांस जोडण्याचें काम दुसऱ्या वर्गाच्या भाषेकडे सोंपवावें. मोटारीच्या कारखान्यांत तरी दुसरें काय होतें? इंजिनाचा ठोकळा फाउंड्रींत ओतला जातो. गाडीची जुळणी करणारा कामगार तो पुन्हां ओतीत बसत नाहीं.

असे घडवून, पारखून, कोणासहि वापरतां यावे म्हणून एकत्र ठेवलेले जे आज्ञांचे संच, त्यांस 'लायब्ररी' म्हणतात. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेली 'लॅपॅक' ही गणिताची लायब्ररी फोर्ट्रान भाषेंत लिहिली गेली. आकुर्डीच्या किंवा निगडीच्या कॉलेजांतला विद्यार्थी आज पायथनच्या 'नमपाय' मध्यें शंभर समीकरणें एका ओळींत सोडवून घेतो, त्या वेळीं पडद्यामागें लॅपॅकच्याच रीती चालत असतात; आणि त्या विद्यार्थ्याला फोर्ट्रानचें एक अक्षरहि ठाऊक असावें लागत नाहीं. ही किमया मधल्या दुभाष्याची.

भोसरी आणि चाकण यांच्या वाटेवरून थोडें आडबाजूस गेलें, कीं आळंदी लागते. संस्कृतांत असलेलें गीतेचें ज्ञान मराठींत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधि ज्या गांवीं आहे, त्या गांवाच्या शेजाऱ्यांस, ज्ञान एका भाषेंत आणि तें हवें असणारा माणूस दुसऱ्या भाषेंत, ही अडचण निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

भोसरीचें उदाहरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या मध्यम कारखानदाराजवळ दहा सीएनसी यंत्रें आहेत असें समजा. अशा पुष्कळ यंत्रांवर फॅनुक या जपानी कंपनीचा कंट्रोलर असतो. रात्रपाळींत कोणतें यंत्र किती तास चाललें, स्पिंडल किती वेगानें फिरत होता, कोणता अलार्म किती वाजतां आला, हें सर्व त्या कंट्रोलरला क्षणोक्षणीं ठाऊक असतें. मालकाला मात्र तें सकाळीं ऑपरेटरच्या वहींतून कळतें, आणि ती वही कित्येकदां पाळी संपतांना एका बैठकींत भरलेली असते.

कंट्रोलरला परस्पर विचारण्याची सोय कंपनीनें 'फोकास' नांवाच्या लायब्ररीच्या रूपानें केलेली आहे. कारखान्यांतील नेटवर्कवरून सामान्यतः ८१९३ क्रमांकाच्या दारावर हांक मारली, कीं कंट्रोलर उत्तर देतो. पण ही लायब्ररी सीच्या रीतीची, आणि कारखान्यांत नुकताच लागलेला डिप्लोमा झालेला मुलगा जाणतो पायथन. देखरेखीची तयार व्यवस्था विकत घेणें लहान कारखान्यास बहुधा जड जातें. अशा वेळीं यंत्र आपलें, वीज आपली, माणूस आपला, आणि त्या यंत्राची हकीकत मात्र आपल्यालाच कळत नाहीं, अशी चमत्कारिक स्थिति होते.

पायथनमध्यें 'सीटाइप्स' नांवाचें एक साधन २००६ सालापासून अंगचेंच आहे. त्याच्या साहाय्यानें सीच्या लायब्ररींतील फंक्शनांना पायथनमधून हांक मारतां येते. पहिलें उत्तर थोडक्या ओळींत मिळतें, आणि मुलाला वाटतें, काम झालें. वस्तुतः खरें काम तेथून पुढें सुरू होतें. शब्दास शब्द ठेवणें म्हणजे दुभाषेपण नव्हे. त्याचीं कर्तव्यें निराळीं आहेत, आणि तीं एकेक करून पाहण्यासारखीं आहेत.

मापें आणि क्रम

पहिलें कर्तव्य मापें सांभाळण्याचें. सीमध्यें प्रत्येक फंक्शनचें उत्तर कोणत्या जातीचें, हें ठरलेलें असतें. सीटाइप्सला तें सांगितलें नाहीं, तर उत्तर साधा पूर्णांक आहे असें धरून तें चालतें. उत्तर जर स्मृतींतील एखाद्या जागेचा पत्ता असेल, तर ६४-बिटी संगणकावर त्या पत्त्याचा अर्धा भाग गळून पडतो. पेठ लिहिली आणि घरांक गाळला, असाच हा प्रकार. आज्ञावली भलत्याच दारावर जाऊन धडकते आणि कोसळते.

कोसळली तर एक वेळ बरें. निदान चूक कळते. सी भाषा अनेक किंमती एकाच 'स्ट्रक्चर' मध्यें ओळीनें ठेवते. स्वयंपाकघरांतील मिसळणाच्या डब्यासारखी ही रचना असते. कोणत्या वाटींत काय, हें ठरलेलें. आणि कित्येकदां मांडणी नीट बसावी म्हणून मध्येंच एखादी वाटी मुद्दाम रिकामी सोडलेली. दुभाष्यानें ती रिकामी वाटी मोजली नाहीं, कीं हळदीच्या जागीं तिखट पडलें म्हणून समजावें. येथें आज्ञावली थांबत नाहीं. आंकडे येत राहतात, पण ते खोटे असतात.

क्रमाचीहि हीच कथा. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग 'कॅन' नांवाच्या पद्धतीनें तारांवरून एकमेकांशीं बोलतात. बॉश कंपनीनें ती १९८६ मध्यें जगापुढें मांडली. तिच्या मूळ स्वरूपांत एका निरोपांतून फार तर ८ बाइट माहिती जाते. मालमोटारींत रूढ असलेल्या नियमाप्रमाणें इंजिनाचे फेरे दोन बाइटांत येतात, आणि तेथला एक आंकडा म्हणजे मिनिटाला एक-अष्टमांश फेरा. समजा, ते दोन बाइट ० आणि २५ असे आले. या निरोपांत लहान स्थानाचा बाइट आधीं येतो. म्हणून २५ ला २५६ नें गुणावें, ६४०० होतात, आणि त्यांचा अष्टमांश ८००. म्हणजे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत संथपणें चालूं आहे. हेच बाइट उलट क्रमानें वाचले, तर उत्तर येतें ३.१२५. इतक्या मंद गतीनें कोणतेंहि इंजिन चालत नाहीं. मराठी माणसाला ही घोटाळ्याची जागा चटकन् कळावी. आपण २५ लिहितांना दोन आधीं लिहितों आणि 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं म्हणतों. इंग्रजी बोलणारा वीस आधीं म्हणतो. संख्या तीच असते, पण क्रम कोणता हें ऐकणाऱ्याला ठाऊक असावें लागतें.

अक्षरांच्या बाबतींत तर आपल्या लिपीला दुभाष्याच्या निष्काळजीपणाचा चटका विशेषच बसतो. हल्लींच्या रूढ पद्धतींत साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला तीन. 'चाकण' या शब्दाला १२ बाइट हवेत. लायब्ररीनें नांवासाठीं १० बाइटांचीच जागा ठेवली असेल आणि दुभाष्यानें शब्द डोळे मिटून तेवढाच कापला, तर 'चाकण' चें 'चाक' राहतें आणि त्यापुढें एक निरर्थक तुकडा लोंबत राहतो.

उसनें भांडें

दुसरें कर्तव्य उसन्या भांड्याचें. एकत्र कुटुंबांत शेजारून आणलेलें पातेलें परत कोणी द्यावयाचें हें ठरलेलें नसेल, तर तें महिनोन्महिने आपल्याच घरीं पडून राहतें. आणि वस्तूचा मालक कोण हेंच ठाऊक नसेल, तर आपलें समजून कोणी तरी तें मोडींतहि घालतो. सीमध्यें स्मृतीची जागा मागून घ्यावी लागते आणि काम झाल्यावर आठवणीनें परत करावी लागते. पायथनमध्यें वस्तूचा वापर करणारा कोणी उरला नाहीं, कीं ती जागा आपोआप मोकळी होते. दोन घरांच्या चालीच निराळ्या. म्हणून लायब्ररीनें हातीं दिलेली प्रत्येक जागा कोणाच्या मालकीची, हें दुभाष्यानें जाणलें पाहिजे. ती परत केलीच नाहीं, तर आठवडाभर चालणारी आज्ञावली हळूहळू सारी स्मृति खाऊन टाकते. दोनदां परत केली, तर ती कोठें आणि केव्हां कोसळेल याचा नेम नाहीं.

फोकासमध्यें यंत्राशीं जोडणी झाली, कीं एक 'हँडल' मिळतें, आणि काम संपल्यावर तें सोडावें लागतें. कंट्रोलर एका वेळीं मोजक्याच जोडण्या स्वीकारतो. हँडलें न सोडणारा दुभाषी थोड्याच वेळांत यंत्राचें दार सर्वांनाच बंद करून ठेवतो. चांगला दुभाषी या सोडण्याची व्यवस्था अशी करतो, कीं मध्येंच कांहीं बिघडलें तरी हँडल परत गेल्यावांचून राहूं नये.

वाईट बातमी सांगणें

तिसरें कर्तव्य आम्हांस सर्वांत मोठें वाटतें, आणि तें म्हणजे वाईट बातमी न लपविणें. सीच्या पुष्कळ लायब्रऱ्या आपलें काम झालें कीं नाहीं हें एका संख्येनें कळवितात. फोकासमध्यें शून्य म्हणजे सर्व ठीक. उणें सोळा म्हणजे यंत्राशीं असलेला संपर्क तुटला. ही संख्या पाहिलीच पाहिजे अशी सक्ति सी भाषा करीत नाहीं. पायथनची चाल याच्या उलट. तिच्यांत कांहीं बिघडलें, कीं 'एक्सेप्शन' उठतें, आणि त्याची दखल कोणी घेतली नाहीं तर काम तेथेंच थांबतें. तेव्हां उणें सोळा ही संख्या आली, कीं तिचें स्पष्ट शब्दांतील एक्सेप्शनमध्यें रूपांतर करणें हा दुभाष्याचा धर्म होय.

तो त्यानें पाळला नाहीं, तर काय होतें तें पाहा. रात्रीं दोन वाजतां नेटवर्कची तार सैल झाली. दुभाष्यानें स्पिंडलचा वेग विचारला. लायब्ररीनें उणें सोळा असें कळविलें. दुभाष्यानें तिकडे लक्ष दिलें नाहीं, आणि वेगासाठीं मांडून ठेवलेल्या रिकाम्या जागेंतील शून्य उचलून पुढें दिलें. सकाळीं मालकाच्या टेबलावर तक्ता आला: यंत्र क्रमांक चार, दोन ते सहा, वेग शून्य. ऑपरेटरनें चार तास यंत्र बंद ठेवलें, असाच त्याचा अर्थ कोणीहि करील. त्या माणसानें रात्रभर उभें राहून केलेले जॉब ट्रेंत मांडून ठेवलेले असतील, तर तो निदान तीं दाखवूं शकेल. माल पहांटेच पुढें गेला असेल, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. तक्ता संगणकाचा आहे, आणि संगणक खोटें बोलत नाहीं अशी सर्वांची समजूत. संगणक खोटें बोललाच नाहीं. 'मला कळलें नाहीं' असें त्यानें स्पष्ट सांगितलें होतें. मधल्यानें त्याचें 'यंत्र बंद होतें' असें भाषांतर केलें. एका गरीब माणसाच्या पगारांतून किंवा अब्रूंतून त्याची किंमत वसूल होऊं शकते, ही गोष्ट बाइंडिंग लिहिणाऱ्या प्रत्येक तरुणानें मनांत पक्की बसवून ठेवली पाहिजे. 'शून्य' आणि 'ठाऊक नाहीं' या दोन गोष्टींतील भेद राखणें हें तंत्र तर आहेच. शिवाय तो न्यायहि आहे.

भाषेचें वळण

चवथें कर्तव्य ज्या भाषेंत बोलावयाचें तिचें वळण राखण्याचें. शब्दशः भाषांतर कानाला कसें खटकतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. याचें एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. शास्त्रीय माहिती चित्ररूपानें दाखविण्यासाठीं 'व्हीटीके' नांवाची मोठी लायब्ररी अमेरिकेंत १९९३ च्या अखेरीस सुरू झाली. ती सी-प्लस-प्लस भाषेंत आहे. तिला पायथनचा दुभाषी होता. पण त्याचें बोलणें मूळ भाषेच्या धाटणीचें असे. गोलाची त्रिज्या ठरवावयाची तर 'सेट-रेडियस' या नांवाचें फंक्शन, आणि ती विचारावयाची तर 'गेट-रेडियस' या नांवाचें दुसरें. पवईच्या आय. आय. टी. मधील विमानविद्येचे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन् यांनीं 'टीव्हीटीके' या नांवानें त्यावर आणखी एक थर रचला. त्यांत त्रिज्या हा गोलाचा गुणच होतो. पायथनमध्यें कोणत्याहि वस्तूचा गुण जसा लिहावा आणि वाचावा, तसाच तोहि. नमपायच्या आंकड्यांच्या ओळी त्याला सरळ देतां येतात. त्यांच्या 'मायावी' या सुप्रसिद्ध चित्रदर्शक आज्ञावलीचा पाया हाच आहे. व्हीटीकेमधील शेंकडों वर्गांसाठीं हा थर हातानें लिहिणें अशक्यप्राय होतें. म्हणून तोहि एका आज्ञावलीकडूनच लिहवून घेण्यांत आला.

याच कर्तव्याचें एक लहानसें अंग म्हणजे कोठीच्या किल्लीचें. पायथनच्या नेहमींच्या आवृत्तींत एका वेळीं एकाच कामाच्या हातीं किल्ली असते. दुभाषी यंत्राच्या उत्तराची वाट पाहत दोन सेकंद उभा राहणार असेल, तर जातांना त्यानें किल्ली खुंटीवर ठेवून जावें, म्हणजे बाकीच्यांचीं कामें अडत नाहींत. सीटाइप्स बहुधा हें आपण होऊन करतें. सीमध्यें हातानें दुभाषी लिहिणाऱ्याला तें स्वतः लक्षांत ठेवावें लागतें.

हातानें कीं यंत्रानें?

टीव्हीटीकेच्या उदाहरणावरून वाचक सहज विचारतील, कीं दुभाषीच यंत्राकडून तयार करून घेतां येत असेल, तर माणसाचें काम काय उरलें? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत डेव्हिड बीझली यांनीं १९९५ मध्यें 'स्विग' नांवाच्या साधनाचा आरंभ केला. सी लायब्ररीच्या फंक्शनांची यादी, म्हणजे 'हेडर' फाइल, त्याला वाचावयास दिली, कीं पायथन, टीसीएल इत्यादि अनेक भाषांचे दुभाषी तें तयार करून देतें. सी-प्लस-प्लससाठीं २०१५ पासून 'पायबाइंड' हें साधन लोकप्रिय झालें आहे. हजार फंक्शनांची लायब्ररी असेल, तर अशा साधनांवांचून गत्यंतर नाहीं.

पण यादींत शब्द असतात, हेतु नसतो. 'येथें एका संख्येचा पत्ता द्या' असें यादी म्हणते. त्या पत्त्यावरील संख्या लायब्ररी वाचणार आहे, कीं तेथें आपलें उत्तर लिहून ठेवणार आहे, कीं तो एका संख्येचा पत्ता नसून शंभर संख्यांच्या ओळीच्या आरंभाचा आहे, हें यादीवरून कळत नाहीं. दिलेलें भांडें परत करावयाचें कीं नाहीं, हेंहि कळत नाहीं. तें लायब्ररीच्या माहितीपुस्तकांत असतें, किंवा करून पाहिल्यावर समजतें. तें समजून घेऊन साधनाला बजावून सांगणें, हें काम माणसाचेंच राहतें. कोश कितीहि मोठा असला, तरी तह वाचून दाखविण्यासाठीं दुभाषी लागतोच.

दोन व्यावहारिक सूचना

या पट्ट्यांत असें काम करणाऱ्या तरुण वाचकांसाठीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे.

पहिली ही, कीं आरंभीं दुभाष्याला फक्त विचारूं द्यावें. आज्ञा करूं देऊं नये. फोकासमध्यें यंत्राची माहिती वाचण्याचीं फंक्शनें आहेत, तशीं यंत्रांतील किंमती बदलण्याचींहि आहेत. टूलच्या मापांत एक दशांशचिन्ह इकडचें तिकडे झालें, तर टूल जॉबवर आदळतें, आणि त्या वेळीं यंत्रापाशीं माणूस उभा असतो. वाचणाऱ्या दुभाष्याची चूक तक्ता बिघडविते. लिहिणाऱ्या दुभाष्याची चूक हात तोडूं शकते. वाचनाचें कामहि खरें धरण्यापूर्वीं यंत्रासमोर उभें राहून, पडद्यावरील आंकडा आणि आपला आंकडा हे निरनिराळ्या स्थितींत ताडून पाहावे. तार मुद्दाम काढून, दुभाषी त्या वेळीं काय सांगतो तेंहि पाहावें. ऑपरेटरला यांत बरोबर घ्यावें. यंत्राचा स्वभाव त्याच्याइतका कोणास ठाऊक नसतो, आणि तक्त्यावर त्याचा विश्वास बसला, तरच त्या तक्त्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट सांभाळण्याची. लायब्ररीची नवी आवृत्ति निघते, पायथनचीहि निघते, आणि दुभाषी मध्यें सांपडतो. पायथनच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून अधिकृतपणें बंद झाली, तेव्हां वेळीं नवी रीत न शिकलेले कित्येक दुभाषी निरुपयोगी होऊन बसले. लहान कारखान्यांत तर धोका आणखी जवळचा. ज्या मुलानें दुभाषी लिहिला, तो उद्यां अधिक पगारावर हिंजवडीस जातो, आणि मागें राहिलेल्या ओळींचा अर्थ कोणासच लागत नाहीं. म्हणून कोणतें फंक्शन काय मागतें, काय देतें आणि बिघडल्यास काय म्हणतें, हें साध्या मराठींत लिहून ठेवावें. प्रत्येक फंक्शनची एक लहान चांचणी लिहावी. आणि दोन माणसांना तरी तें काम यावें अशी व्यवस्था मालकानें करावी. स्वतः लिहिलेला दुभाषी, मालकाची संमति असल्यास, सर्वांसाठीं खुला करावा. कंपनीची लायब्ररी मात्र तिच्या परवान्यावांचून वांटूं नये. एका शेडमधील मुलानें सोडविलेली अडचण शेजारच्या शेडमधील मुलाला पुन्हां पहिल्यापासून सोडवावी लागूं नये, एवढा लाभ तरी त्यांतून सहज होईल.

शेवटीं घरच्या वडीलधाऱ्यांशीं दोन शब्द. आपल्या घरांत ग्रंथ लिहिणाऱ्याला मान असतो, टीकाकारालाहि असतो. दुभाष्याला मात्र 'दुसऱ्याचेंच इकडचें तिकडे करतो' असें म्हणून आपण मोकळे होतों. मुलीनें किंवा मुलानें 'मी नवें कांहीं बनवीत नाहीं, आहे तेंच जोडून देतें' असें सांगितलें, तर त्यांच्या कामाची किंमत त्यावरून कमी लेखूं नये. दोन्ही भाषा पूर्ण जाणाव्या लागतात, दोन्ही घरांच्या चाली पाळाव्या लागतात, आणि आपलें काम उत्तम झालें म्हणजे आपण दिसूं नये, अशी ही विद्या आहे. तिच्यांत प्रामाणिकपणा नसेल, तर चूक दुसऱ्याच कोणाच्या तरी नांवावर लागते. आणि तो असेल, तर भोसरीचा एक लहान कारखानदार आपल्याच यंत्राची खरी हकीकत प्रथमच आपल्या कानांनीं ऐकूं शकतो.